समुद्रातली प्लास्टिक खाणारी बुरशी केळीच्या वावरात चालेल का?

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक दादांचा प्रश्न आहे: "समुद्रात प्लास्टिक खाणारी बुरशी सापडल्याचं वाचलं. ट्रायकोडर्मासारखी तिची पावडर कुठे मिळेल? माझ्या बांधावर मल्चिंगच्या प्लास्टिक कागदाचे तुकडे, घडांच्या स्कर्टिंग बॅगा आणि ठिबकच्या जुन्या नळ्या पडून आहेत. खड्ड्यात टाकून वरून बुरशी सोडली तर किती दिवसांत कुजेल? आणि जे प्लास्टिक तापीतून वाहून जातं, ते समुद्रातली बुरशी खाऊन टाकते ना?"

दादा, आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं सांगतो. अशी पावडर बाजारात नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका. उद्या खरोखर मिळाली तरी खड्ड्यात ती काम करणार नाही, कारण या बुरशीला जे लागतं ते खड्ड्यात मुळीच नसतं. तापीतून गेलेल्या प्लास्टिकबद्दल बोलायचं तर त्यातलं थोडं, फार सावकाश आणि विशिष्ट परिस्थितीतच खाल्लं जातं. पण बातमी खोटी नव्हती. उलट, चांगलं काम आहे ते.

मी जळगावात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. ट्रायकोडर्मा, स्युडोमोनस अशा शेतीला उपयोगी सूक्ष्मजीवांची कल्चर, म्हणजे जिवंत वाढ, राखणं हा रोजचा धंदा आणि जोडीला प्लास्टिकवर वाढणाऱ्या बुरश्यांची तपासणी. त्यामुळे अशी बातमी आली की आठवडाभर फोन वाजत राहतो. बहुतेकांना विचारायचं असतं बुरशीबद्दल, पण खरी अडचण वेगळीच असते. नळ्या भंगारवाला घेऊन जातो, मातीने बरबटलेलं मल्चिंग मात्र कोणी घेत नाही. जाळावं तर धूर, पुरावं तर पुढच्या नांगरटीला पुन्हा वर येतं. तुमचीही अडचण हीच असावी असं धरून लिहितो.

आता ती बातमी. नेदरलँड्समध्ये टेक्सेल बेटावर समुद्र संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या अनिका वाक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. कॅलिफोर्निया आणि हवाई बेटांच्या मधल्या उत्तर पॅसिफिकमध्ये तरंगत्या कचऱ्याचा मोठा पट्टा आहे. 2018 च्या एका अंदाजानुसार त्याचा पसारा सुमारे 16 लाख चौरस किलोमीटर आणि त्यातलं प्लास्टिक सुमारे 79 हजार टन. तिथल्या प्लास्टिकवरून त्यांनी 'पॅरेन्गिओडोन्शियम आल्बम' नावाची बुरशी वेगळी केली आणि ती पॉलिथिलीन खाते का, हे तपासलं. पॉलिथिलीन म्हणजे तुमचं मल्चिंग, तुमच्या नळ्या, आपल्या पिशव्या. समुद्रात तरंगणाऱ्या कचऱ्यातही हेच सगळ्यात जास्त.

तपासायची त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडली. निसर्गातल्या कार्बनमध्ये जेमतेम एक टक्का कार्बन 'जड' असतो, त्याला कार्बन-13 म्हणतात. त्यांनी असा जड कार्बन मुद्दाम भरलेलं पॉलिथिलीन वापरलं. बुरशीने ते खरंच खाल्लं तर तो जड कार्बन तिने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये दिसणार, नाही खाल्लं तर नाही दिसणार. इथे पळवाटच नाही. तो दिसला. वेग निघाला दिवसाला सुमारे 0.05 टक्का. खाल्लेल्यापैकी बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला, बुरशीच्या अंगी थोडासाच लागला.

मथळ्यांत हमखास गळणारी अट अशी: हे सगळं अतिनील किरणांखाली ठेवलेल्या पॉलिथिलीनवर झालं. ज्या प्लास्टिकवर असे किरण पडले नव्हते, त्याला बुरशीने हात लावला नाही.

ही बुरशी आमच्या क्षेत्रातल्या लोकांना अनोळखी नाही, एवढं जाता जाता सांगतो. जुन्या भिंतींवर, चुनखडीच्या दगडावरही ती सापडते. डीएनए काढताना प्रथिनं फोडायला 'प्रोटिनेज के' नावाचं विकर (एन्झाइम) जगभर वापरतात, ते पहिल्यांदा 1974 मध्ये याच बुरशीतून मिळालं, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. कोविडच्या काळात नमुने तयार करण्याच्या अनेक किटमध्ये ते होतं. म्हणजे आमच्या फ्रीजमध्ये तिची कमाई वर्षानुवर्षं पडून आहे, आणि तिचा हा दुसरा धंदा मात्र आत्ता कळला.

तर ऊन का लागतं? पॉलिथिलीनचा रेणू म्हणजे कार्बनला कार्बन जोडत गेलेली प्रचंड लांब साखळी. बुरशीला तोंड नसतं. ती विकरं बाहेर सोडते, अन्न बाहेरच फोडते आणि बारीक तुकडे आत शोषून घेते. कपाशीची पऱ्हाटी असो की केळीचं खोड, त्यातल्या सेल्युलोजच्या रेणूत विकराला पकडायला ठरावीक जागा असतात. पॉलिथिलीनच्या साखळीत अशी जागाच नसते. वर पाणी त्याला चिकटत नाही, आणि विकरं तर पाण्यातच काम करतात. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ही साखळी जागोजागी तोडतात, तुटलेल्या टोकांशी ऑक्सिजन जोडला जातो, आणि मग विकराला धरायला काहीतरी सापडतं. तुम्ही म्हशीपुढे अख्खा कडबा टाकत नाही, आधी कुट्टी करता. इथे कुट्टी ऊन करतं, बुरशी नंतर खायला बसते.

हे तुमच्याच वावरात पाहता येईल. टरबूज किंवा मिरचीचं पीक निघाल्यावर मल्चिंगचा एकच कागद दोन ठिकाणी हातात धरून बघा. गादीवाफ्याच्या माथ्यावर, वेल वाळून गेल्यावर उघडा पडलेला भाग चुरचुरीत झालेला असतो. चिमटीत धरला की कडेने तुटतो, चंदेरी थर बोटांना पावडरसारखा लागतो. त्याच कागदाची मातीत दाबलेली कड ओढून काढा. ती ताणली जाते, पांढरी पडते, पण तुटता तुटत नाही. कागद तोच, दिवस तेवढेच. कडेला ओलावा होता, माती होती, मातीत हजारो जातींच्या बुरश्या होत्या. नव्हतं ते ऊन. मग तुम्ही म्हणता तो खड्डा म्हणजे काय? सगळा कागद त्या कडेच्या जागी नेऊन ठेवणं.

नळ्यांची गोष्ट याहून अवघड. त्या काळ्या असतात कारण त्यांत कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, मुद्दाम घातलेली असते. ती अतिनील किरण शोषून घेते. म्हणूनच आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात नळी वर्षानुवर्षं वावरात टिकते. बुरशीला जे नुकसान हवं असतं, ते होऊ नये यासाठीच ती नळी बनवलेली असते. स्कर्टिंग बॅगचा न विणलेला पांढरा कपडा पॉलिप्रॉपिलिनचा. तो मुळात उन्हात लवकर पिचतो, म्हणून त्यातही ऊन सोसणारी रसायनं मिसळतात. म्हणजे चांगल्या कंपनीचा माल जितका टिकाऊ, तितका बुरशीला नावडता. किती दिवसांत कुजेल याला एकच आकडा का देता येत नाही, ते यावरून लक्षात येईल. प्लास्टिक कोणतं, रंग कोणता, त्यात काय मिसळलंय, किती उन्हाळे खाल्लेत, यावर सगळं अवलंबून आहे.

तरी आकड्याची हौस भागवू. 25 मायक्रॉनचा, चार फूट रुंद, 400 मीटर लांब रोल साधारण 11 किलोचा भरतो. एकरी पाच-सहा रोल धरले तर 55 ते 65 किलो पॉलिथिलीन. टेक्सेलच्या प्रयोगातला वेग जसाच्या तसा लावला, तर 60 किलोतून पहिल्या दिवशी 30 ग्रॅम जातील. पुढे उरलेल्याच्या 0.05 टक्का, मग त्याच्या उरलेल्याच्या. असं करत निम्मं संपायला पावणेचार वर्षांहून जास्त. तोवर तुम्ही आणखी तीन पिकं मल्चिंगवर घेतलेली असणार. आणि हा वेग प्रयोगशाळेतला आहे: प्लास्टिक आधीच किरणांखाली ठेवलेलं, तापमान राखलेलं, दुसरी कोणती बुरशी स्पर्धेला नाही. वावरात असं लाडाने कोणी वाढवत नाही. शिवाय मातीत जिला खायला पाचट, शेणखत, मुळांचे अवशेष मिळतात, ती बुरशी प्लास्टिकच्या वाटेला का जाईल?

आता तुमच्या मनात येणारा पुढचा प्रश्न मीच विचारतो, कारण हुशार शेतकरी तो विचारतोच. "मग दोन उन्हाळे बांधावर वाळवतो, चांगलं चुरचुरीत होऊ देतो, आणि मग बुरशी सोडतो. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे." रसायनशास्त्राच्या हिशेबाने बरोबर आहे. व्यवहारात तिथेच सगळं फसतं. बुरशीला खाता येईल इतकं प्लास्टिक पिचेपर्यंत ते तुमच्या हातात राहत नाही. वैशाखातल्या एका वावटळीत त्याचे कपटे शेजारच्या वावरात, तिथून नाल्यात. जे उरेल ते रोटाव्हेटरखाली मातीत मिसळणार आणि मग त्याचे इतके बारीक तुकडे होणार की चाळणीनेही निघायचे नाहीत. अख्खा कागद हाताने गोळा होतो, पण बुरशीला चालत नाही. चुरा बुरशीला चालतो, पण गोळा होत नाही. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आहे. समुद्रातल्या बुरशीचं महत्त्व मला वाटतं ते यासाठी की ती दुसऱ्या टोकाला काम करते. जिथे कोणाचाही हात पोचणार नाही, तिथल्या चुऱ्यावर.

म्हणूनच "प्लास्टिक कुजवणारं कल्चर" विकणाऱ्यांपासून जपून राहा. त्यांच्या पत्रकात बहुतेक वेळा 'वजन इतके टक्के घटलं' असा दावा असतो. वजन कसं घटतं ते मी रोज पाहतो. प्लास्टिकची पट्टी अल्कोहोलने धुऊन, वाळवून चार दशांश स्थळांच्या काट्यावर तोलायची. क्षार असलेल्या पण दुसरं काही अन्न नसलेल्या द्रावणात बुरशीसोबत ठेवायची. काही आठवड्यांनी काढली की पट्टीवर राखाडी-हिरवट साय धरलेली असते. ती साय साबणासारख्या रसायनाने सोडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा तोलायची. साय नीट निघाली नाही तर वजन चक्क वाढतं. नीट निघाली तर घटतं. पण शेजारी बुरशी न घातलेली पट्टी ठेवलेली असते, तिचंही वजन कधी कधी घटतं. कारण प्लास्टिकमध्ये फक्त प्लास्टिक नसतं. कागद एकमेकांना चिकटू नये म्हणून घातलेला मेणचट पदार्थ, ऊन सोसणारी रसायनं, छोट्या साखळ्या, हे झिरपून बाहेर येतं. काही 'विघटनशील' म्हणून विकलेल्या पिशव्यांत तर स्टार्च मिसळलेला असतो. बुरशी स्टार्च खाऊन मोकळी होते आणि पॉलिथिलीनची जाळी तशीच उरते. वजन वीस टक्के घटलं असं छापायला ते पुरेसं होतं. म्हणून मी कोणताही दावा वाचताना आधी बिनबुरशीची पट्टी शोधतो, आणि शक्य असेल तर कार्बन कुठे गेला याचा माग.

दुसरी भीती त्याहून मोठी. 2015 मध्ये तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातातल्या किनाऱ्यावर टाकलेल्या प्लास्टिकवरून भारतीय संशोधकांनी पॉलिथिलीनवर वाढणाऱ्या दोन बुरश्या वेगळ्या केल्या. 30 दिवसांत सहा ते साडेआठ टक्के वजन घटल्याचं त्यांनी नोंदवलं. वजनाबद्दलची माझी कुरकुर वर आलीच आहे, तरी काम दखल घेण्यासारखं. पण त्यातली जास्त वजन घटवणारी बुरशी कोणती? ॲस्परजिलस फ्लेव्हस. मका नि भुईमूग पिकवणाऱ्याने हे नाव ऐकलेलं असतं. ओल्या मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी चढून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि माल नाकारला जातो, ती हीच. तिचे सगळे वाण विष करत नाहीत, पण कोणता करतो हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. "प्लास्टिक खाते" म्हणून कोणी अनोळखी कल्चर दिलं आणि तुम्ही ते मक्याच्या खळ्याजवळच्या खड्ड्यात ओतलं, तर प्लास्टिक आहे तिथेच राहील आणि मका जाईल. प्लास्टिकवर वाढणाऱ्या बऱ्याच बुरश्या अशाच चिवट, काहीही खाऊन जगणाऱ्या घराण्यांतल्या असतात.

बातम्यांत आणखी एक घोटाळा होतो. सगळ्या प्लास्टिकला एकाच नावाने हाक मारली जाते. हवाई विद्यापीठातल्या गटाने 2025 च्या सुमारास समुद्रातल्या बुरश्यांवर काम केलं, त्यांना तपासलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त बुरश्यांत प्लास्टिक खाण्याची थोडीफार क्षमता दिसली. काही बुरश्यांना हळूहळू सवय लावून त्यांचा वेग तीन महिन्यांत 15 टक्क्यांपर्यंत वाढवताही आला. ऐकायला जोरदार. पण ते प्लास्टिक होतं पॉलियुरेथेन, म्हणजे फोमच्या गाद्या, बुटांचे तळवे यांतलं. 2011 मध्ये इक्वेडोरच्या जंगलातल्या, आणि 2017 मध्ये इस्लामाबादच्या कचरा डेपोवरच्या ज्या बुरशीच्या बातम्या गाजल्या, त्याही पॉलियुरेथेनच्याच. त्याच्या साखळीत विकराला धरायला जागा आधीपासूनच असतात. पाण्याच्या बाटलीचं पेट (पीईटी) प्लास्टिकही तसंच. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलिन हे सगळ्यात हट्टी, आणि आपल्या वावरात नेमकं तेच जास्त. एका प्लास्टिकवरचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

आता तापी. तुमचा हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला, कारण असा विचार फार जण करत नाहीत. मुलताईहून निघून बऱ्हाणपूर, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत तापी 724 किलोमीटर वाहते. वाटेत पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा येऊन मिळतात. प्रत्येक नदी आपापल्या गावांचा नि वावरांचा वाटा आणते. पण यावलच्या नाल्यातला कपटा लगेच समुद्रात जातो असं नाही. बराचसा काठच्या बाभळींना, पुलांच्या खांबांना, बंधाऱ्यांना अडकतो. पूर ओसरल्यावर काठच्या झुडपांवर माणसाच्या डोक्याच्या वर लटकलेल्या चिंध्या तुम्ही पाहिल्याच असतील. पुढे उकईचं अवाढव्य धरण आहे. वरून येणारी माती आणि तिच्यासोबत बुडणारं प्लास्टिक तिथे मोठ्या प्रमाणात थांबतं. हतनूर धरणाचे 41 दरवाजे पूर्ण उघडावे लागतात त्या दिवसांत जे वाहतं, त्यातलं तरंगणारं पुढे जायची शक्यता जास्त.

आणि जे पोचतं ते कुठे पोचतं? खंबातच्या आखाताच्या तोंडाशी. तिथलं पाणी निळं नसतं, चहाच्या रंगाचं असतं. भरती-ओहोटी प्रचंड आणि गाळ सतत ढवळलेला, त्यामुळे पाण्यात ऊन खोलवर उतरत नाही. प्लास्टिक अगदी वर तरंगत असेल तोवर त्याला ऊन मिळतं. पण समुद्रात पडलेल्या वस्तूवर काही आठवड्यांत शेवाळ, शिंपल्यासारखे जीव चढतात, ती जड होते आणि बुडते. खाली अंधार. टेक्सेलच्या बुरशीचा नियम आठवा: काही काळ तरी पृष्ठभागावर ऊन खाल्लेलं असलं पाहिजे. म्हणजे मोकळ्या समुद्रात वर्षानुवर्षं तरंगणाऱ्यांना हा नियम लागू होईल, चिखलात रुतलेल्यांना नाही. समुद्रात ज्या बुरश्यांची नोंद झालेली आहे त्यांच्या जाती सुमारे दोन हजार. त्यातल्या बहुतेक खारफुटीचं लाकूड, मेलेलं शेवाळ यांवर जगतात, काही जिवंत शैवालावर परजीवी म्हणून. लाकडातलं लिग्निन फोडणारी विकरंच प्लास्टिकवर थोडीफार चालतात, असा आमच्यातल्या अनेकांचा कयास आहे. प्लास्टिक हा त्यांच्यासाठी अडीनडीचा घास.

इथवरचं थोडक्यात: बुरशी खरी आहे, तिचं खाणं खरं आहे, पण ती उन्हाने मोडलेलंच खाते, तेही फार हळू. खड्डा तिच्या उपयोगाचा नाही आणि तिला वावरात आणण्यात धोका आहे.

मग या संशोधनाचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. दोन आहेत. एक म्हणजे समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा हिशेब लागतो. जेवढं गेलं असं आपण मानतो, तेवढं वर तरंगताना सापडत नाही. काही बुडतं, काही किनाऱ्याला लागतं, काही उन्हाने विरतं, आणि थोडं या बुरश्या-जिवाणूंच्या पोटात जातं. त्यातला कोणाचा वाटा किती, हे आता मोजता यायला लागलं. दुसरा उपयोग विकरांचा. अख्खा जीव मोकळा सोडण्याऐवजी त्याचं विकर काढून टाकीत वापरायचं. 2020 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी बाटल्यांच्या पेटवर हे करून दाखवलं. पालापाचोळ्याच्या कंपोस्टमध्ये सापडलेलं विकर सुधारून घेतलं आणि 72 अंश तापमानाला 10 तासांत 90 टक्के पेटचे मूळ घटक सुटे केले. मात्र वेगळं केलेलं, दळलेलं पेट, बंद टाकी, राखलेलं तापमान, एवढं सगळं लागलं. पॉलिथिलीनसाठी असं विकर मिळालं तरी ते कारखान्यातच चालेल, आणि कारखान्याला माल गोळा केलेला, धुतलेला, वेगळा केलेलाच लागेल.

म्हणजे बुरशी असो, विकर असो की आपल्या जळगावची एमआयडीसी, पहिलं काम तेच: अख्खं असताना उचलणं. यात माझं थोडंफार ऐका.

मल्चिंग काढायची वेळ पिकाच्या शेवटी नसून जमिनीच्या वापशावर आहे. आपली काळी माती ओली असेल तर कागदाला गोळे चिकटतात, भेगाळली असेल तर कडा आवळून धरते आणि कागद फाटतो. शेवटचं पाणी देऊन वापसा आला की आधी दोन्ही कडांची माती कुदळीने मोकळी करा, मग एका टोकाकडून बांबूला गुंडाळत या. 15 मायक्रॉनचा स्वस्त कागद असा निघत नाही, त्याच्या चिंध्याच होतात. घेताना 25-30 मायक्रॉन घेतलं तर रोलमागे पैसे जास्त जातात, पण काढताना मजूर वाचतो आणि कागद अख्खा निघतो. वेल काढल्यावर कागद महिनाभर उघडा ठेवू नका. पहिल्याच आठवड्यात काढा. काढलेला बांधावर उन्हात न ठेवता शेडमध्ये ठेवा. झटकून, जमलं तर एकदा पाण्यातून काढून माती कमी करा. भंगारवाला मल्चिंग नाकारतो ते मातीपायी. वजनात अर्धी माती निघाली तर पुढचा कारखानदार त्यालाच कापतो.

चारही गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. नळ्या वेगळ्या, मल्चिंग वेगळं, स्कर्टिंग बॅगा वेगळ्या, पीव्हीसी पाइपांचे तुकडे वेगळे. जळगावातले चटईचे कारखाने पुनर्वापराच्या पॉलिप्रॉपिलिनवर मोठ्या प्रमाणात चालतात. केळीच्या चिकाने आणि सुतळीने भरलेल्या बॅगा कोणी पटकन घेणार नाही, पण सुतळी कापून, वाळवून, गठ्ठा बांधून चार-पाच शेतकऱ्यांचा माल एकत्र केला तर विचारणा होऊ शकते. एका शेतकऱ्याच्या पंचवीस-तीस किलोसाठी गाडी येत नाही. आणि जाळू नका. पीव्हीसी तर मुळीच नको. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात, आणि धूर घराकडेच येतो.

"कुजणारं मल्चिंग" घ्यायचं असेल तर ते अस्तित्वात आहे, आणि इथे आपल्या मातीतल्या बुरश्या खरोखर उपयोगी पडतात. पीबीएटी नावाच्या प्लास्टिकच्या साखळीत विकराला धरायला जागा असतात. 2018 मध्ये झ्युरिचच्या संशोधकांनी याच जड कार्बनच्या पद्धतीने दाखवलं की मातीतल्या बुरश्यांनी पीबीएटीतला कार्बन सहा आठवड्यांत स्वतःच्या तंतूंत घेतला. ऊन न लागता, मातीच्या आत. पण दुकानात गेल्यावर लेबल वाचा. मातीत कुजणाऱ्या मल्चिंगचं युरोपीय मानक आहे ईएन 17033. त्यात दोन वर्षांत 90 टक्के विघटन मागितलेलं आहे. नुसतं 17088 लिहिलेलं असेल तर ते कंपोस्ट प्रकल्पाच्या गरम ढिगासाठीचं मानक आहे, तुमच्या वावरासाठीचं नाही. आणि 'ऑक्सो' शब्द दिसला तर खाली ठेवा. ते साधं पॉलिथिलीनच असतं, लवकर चुरा व्हावं म्हणून त्यात धातूचे क्षार घातलेले. चुरा होतो, दिसेनासं होतं आणि मातीत राहतं. युरोपियन युनियनने 2019 च्या कायद्याने त्यावर बंदी घातली. खरं पीबीएटी महाग पडतं, हे मान्य. चार-सहा महिन्यांच्या टरबूज-मिरचीला हिशेब बसू शकतो, केळीसारख्या लांब पिकाला तो मधेच कुजेल. केळीत मी तरी केळीचीच वाळलेली पानं आणि पऱ्हाटीची कुट्टी अंथरा म्हणेन, मात्र करपा किंवा पनामाची लागण असलेल्या बागेतली पानं नको.

तुमच्या रोलवर मायक्रॉन आणि इतर काय छापलंय, नळ्या किती वर्षांच्या आहेत आणि बांधावरचा ढीग किती दिवसांचा आहे, तेवढं कळवा. ढीग जुना असेल तर हलवायच्या आधी त्यावर हलकं पाणी मारून गोणीत भरा. कोरडा उचलला तर निम्मा चुरा तिथेच वाऱ्यावर जाईल.